दुपारी अडकणारा कॉम्प्युटर

नागसेन : रॅम बराबर हाय, वहिनी. व्हायरस बी नाई. अडकते कधी, ते सांगा.

दीपिका : दुपारीच. माउस बी हालत नाई, नागसेन भाऊ. पोरं घरातल्या या दुकानात फॉर्म भराले येतात, बसून बसून चौकातल्या दुकानात निघून जातात.

नागसेन : हे पहा, सुरू झालं. डिस्क शंभर टक्के. कोणती तरी मोठी फाइल लिहून राह्यली ते. जुनी डिस्क हाय ना, एक लिहिणं सुरू झालं का बाकीचे सारे लाइनमध्ये उभे.

दीपिका : पण मी तं काहीच कॉपी करून नाई राह्यली.

नागसेन : कोणती फाइल हाय ते दिसते, थांबा... वहिनी, प्रीतमचं फोल्डर कोणी वापरते काय?

दीपिका : कोण वापरीन? ते गेले तवापासून मी उघडलंच नाई.

नागसेन : त्याच्यात व्हिडिओ येऊन राह्यला. आजचा. त्याच्या फोनवरून.

दीपिका : मजाक नका करू.

नागसेन : माह्या दोस्ताच्या नावावर मी मजाक करीन काय? तो लोकायच्या लग्नाचं शूटिंग करे फोनवर, ते घरच्या वायफायवर आपोआप इकडं उतरावं, असं मीच लावून देल्लं होतं त्याले. फोन घरात चालू असन तवाच हे होते.

दीपिका : फोन नाई राह्यला, भाऊ. बैहरच्या घाटात गाडी पडली, तवा पोलिसायनं फोन सासूबाईजवळ देल्ला. मी मागतला तं म्हणाल्या, अस्थीसंगं वैनगंगेत सोडला. लई रडली होती मी. त्यायचा आवाज होता त्याच्यात.

नागसेन : बसा, वहिनी. पानी प्या.

दीपिका : असे किती हायत?

नागसेन : लई हायत. सारे दुपारचे. सारे तो गेल्यानंतरचे. हा उतरला पुरा. लावू?

दीपिका : नको... लावा. आवाज कमी ठेवा.

(पडद्यावर खालून दिसणारा म्हातारा चेहरा, वर फिरता पंखा. कॉम्प्युटरमधून दीपिकाच्या सासूबाई रुख्माबाईंचा आवाज येतो.)

रुख्माबाई : ...आज भाजीत मीठच नाई टाकलं तिनं. मी बोलली नाई काही. प्रीतम, तिची माय आलती तुमसरहून. तिथं एक पोरगा हाय म्हणे, चांगला हाय. दीपिका नाई म्हणाली. माह्यापायी म्हणाली रे. बुढी एकटी पडन म्हणून. अनं मी तिले ‘जाय’ म्हणासाठी तोंड उघडते, तं शब्दच निघत नाई. ते गेली का या घरात मी कोणासंगं बोलू? तूच सांग तिले. सपनात ये अनं सांग.

दीपिका : बंद करा, भाऊ.

नागसेन : हे उतरणंच बंद करून टाकू काय? मंग कॉम्प्युटर नाई अडकणार.

दीपिका : नाई. येऊ द्या. दुकान बंद झाल्यावर उतरन, असं होते काय?

नागसेन : हौ, होते. तसंच लावतो. तुम्ही जा आत, आईपाशी.

दीपिका : आई, झोपल्या काय?

रुख्माबाई : नाई वो. झाला काय दुरुस्त कॉम्प्युटर?

दीपिका : झाला. पदराखाली काय हाय?

रुख्माबाई : ...पाण्यात टाकाले हातच नाई उठला, बाई. तुले कसं सांगू, समजेना. मंग दिवस गेले तसं अजूनच कठीण झालं.

दीपिका : त्याच्यातलं लाल बटण काहून दाबता?

रुख्माबाई : ते दाबलं का माह्यं तोंड दिसते. प्रीतमचं नाक माह्यासारखं होतं ना. तिकडं पाहून बोलते.

दीपिका : ते सारं भरून राहते आई, अनं माह्या कॉम्प्युटरमध्ये येते. मी ऐकलं. तुमसरचं बी ऐकलं.

रुख्माबाई : देवा... मंग? जाशीन काय तू?

दीपिका : माहीत नाई. पण नाई म्हणाली ते एकट्या तुमच्यापायी नाई म्हणाली.

रुख्माबाई : मंग काहून?

दीपिका : दिवे लागले का मले अजून त्यायच्या गाडीचा आवाज येते. रोज येते. असे कान घेऊन दुसऱ्याच्या घरी कशी जाऊ?

रुख्माबाई : फाटकापाशी येऊन बंद होते, तोच ना?

दीपिका : हौ... तुमाले कसं माहीत?

रुख्माबाई : बस इथं माह्यापाशी. मले वाटे, मलेच येते.