सॉफ्टवेअरला दिलेला ब्रेक

न्हाई, मला आधी एक सांगा, साठ दिवस म्हंजी साठच दिवस का ओ? आपल्याकडं कुठली गोष्ट ठरल्या दिवशी संपती? पाव्हणा दोन दिवसांचं सांगून येतो आन् आठवडाभर हलत न्हाई, येष्टी ‘पाच मिंटात सुटतीया’ म्हणती आन् अर्धा तास नुसती घुरघुरती... आन् हे हापिसातलं मेलचं सॉफ्टवेअर, साठ दिवस फुकट चालणारं! साठाव्या दिवशी संध्याकाळी गुमान काम करत व्हतं, एकसष्टाव्या दिवशी सकाळी पडद्यावर पाटी, ‘ट्रायल संपली’! संपली म्हंजी संपलीच! ना नोटीस, ना दोन दिवसांची सवलत! गौतमीच्या हातातला चहाचा कप तसाच हवेत ऱ्हायला.

गौतमी म्हंजी आमच्या सणसवाडीच्या कंपनीतली डिस्पॅचची क्लार्क. ऱ्हायला शिरूरला, रोज येष्टीनं ये-जा, बीकॉम झालेली, टायपिंग असं की बोटं दिसत न्हाईत, आन् पावणेपाच वर्सं टेंपररी! टेंपररी कशी, तर सात म्हयने भरले की ब्रेक. आठ दिवस घरी बसायचं, मग नवं कार्ड, नवा नंबर, आन् गेटवरचा वॉचमन इचारणार, ‘नवीन का ताई तुम्ही?’ अरं, कालपरवापातूर हिच्या डब्यातली ठेचा-भाकरी खाल्ली ना रं तू! असं सात वेळा झालं. सात वेळा!

आन् तुम्हाला सांगतो, म्हयन्यापूर्वी पुण्याच्या हेडापिसातून मोठ्या साहेबांची मेल आली, की गौतमीला एक तारखेपास्नं परमनंट केलं. एकदा वाचली, चारदा वाचली, घरी फोन लावून आईला वाचून दाखवली. प्रिंट काढायला गेली तर प्रिंटरची शाई संपलेली. म्हणली, शाई आली की काढू, पळून थोडीच जाती मेल? आन् पुढच्याच आठवड्यात मोठे साहेबच नोकरी सोडून गेले गुजरातेत! त्यांच्या जागी नवे साहेब, ते हितं सणसवाडीतच बसतेत. ते परवाच्या बुधवारी संध्याकाळी म्हणले, ‘मला तोंडी काय चालत न्हाई. उद्या दुपारी बारापातूर कागद आणा, न्हाईतर सोमवारपासून तुमचा आठवा ब्रेक.’ म्हणून बिचारी गुरुवारी सकाळी शाई घेऊन आली, मशीन चालू केलं, तर ही पाटी! पत्र आत, पोरगी भाईर, आन् मधी हे साठ दिवसांचं दार बंद!

आता मेल ऱ्हाती कुठं, हे आजवर कुणी कुणाला इचारलं व्हतं का? येती, आपण वाचतो, झालं. ऱ्हाती कुठं? कुणाला ठावं!

तेवढ्यात आले हौसराव. हौसराव म्हंजी टाइमापिस, हजेरीचं खातं. कुणाला कवा काढायचं, कुणाला कवा घ्यायचं, वीस वर्सं सगळं त्यांच्या हातात. पडद्याकडं बघितलं, चष्मा पुसला, आन् हसले!

‘ट्रायल संपली व्हय? मग यात रडायचं काय? ब्रेक द्या त्याला!’

‘आप्पा, कुणाला?’ गौतमी म्हणली.

‘सॉफ्टवेअरला! आज काढायचं, लगीच नवी भरती करायची. नव्यानं साठ दिवस! हेच करतोय की आपण वीस वर्सं.’

‘आप्पा, हात नका लावू, माझी परमनंटची मेल हाय त्यात!’

आन् हौसरावांनी काय म्हणावं? छातीवर हात ठेवून म्हणले, ‘पोरी, मी तुला सात वेळा काढली. हरवलीस का तू कुठं?’

माझ्या कानांनी ऐकलं, मी पॅकिंगात, आन् पॅकिंग-हापिसाच्या मधी नुसती जाळी हाय. आन् हौसरावांनी माऊस धरला! कॉम्प्युटर इचारतोय, ‘काढून टाकू का?’ हे म्हणतेत, ‘व्हय!’ तो इचारतोय, ‘नक्की ना?’ हे म्हणतेत, ‘अरं व्हय म्हणलं ना!’ बिचारं मशीन दोन-दोनदा इचारतंय ओ! आपल्या मान्सांना काढताना येकदा तरी इचारतं का कुणी? हिरवी पट्टी सरकत सरकत गेली आन् सगळं साफ!

मग मशीनसंगं आलेली सीडी घातली, नवी भरती केली, आन् उघडलं तर... ‘ट्रायल संपली’!

हौसरावांचं तोंड उतरलं. ‘ओळखलं... अगं, ह्यानं ओळखलं!’ त्यांनी कॉम्प्युटरचं नावच बदललं. तरी ओळखलं! तारीख दोन म्हयने मागं नेली, तरीबी ओळखलं! मटकन खाली बसले ओ. ‘वीस वर्सांत एक माणूस तीन-तीन नंबरावर घेतला, कुणी हू का चू केलं न्हाई, आन् हे टिनपाट डबडं मला म्हणतंय तू जुनाच हायेस?’

आन् तवा गौतमी वरडली, ‘माझी मेल मेली! आप्पा, माझी मेल मेली हो!’

झालं! अख्खं पॅकिंग हातातली कामं टाकून पळालं! कोण मेली? कुणाची मेली? आमच्या गेणबानं तर डोईवरची टोपी काढली, ‘कितव्या वर्षी गेल्या?’ म्हणला. अरं मुडद्या, मेल मेली, मेल! तरी त्येला कळंना. आन् पोरगी रडतीया खरोखरचं, पावणेपाच वर्सं रडली न्हाई ती त्या दिवशी रडली. घड्याळात धा वाजून गेलेले. आन् मेल ऱ्हाती कुठं, हे आता सगळेच इचाराय लागले. पर सांगणार कोण?

शेवटी तिनंच डोळं पुसलं आन् फिरोजला फोन लावला. फिरोजचं शिरूरला येष्टी स्टँडाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय. तासाभरात फटफटीवर हजर. आल्या आल्या पहिला शब्द, ‘सगळ्यांनी हात मागं घ्या! माऊसला कुणी शिवायचं न्हाई!’ हौसराव भिंतीला चिकटून उभे.

‘आप्पा, क्या करके रखा ये? आधी कॉपी, मग बाकीचं! तुम्ही समदं उलटं केलं.’

‘फिरोजभाई, गेली ना माझी मेल?’

‘थांब गं भैन. सॉफ्टवेअर म्हंजी भाड्याची खोली. मेल म्हंजी तुझी पेटी. खोली गेली म्हणून पेटी कशी जाईल? फकस्त कुठं ठेवलीया ती बघू दे.’

असं सांगा ना राव मराठीत! मग त्यानं कसलं तरी लपवलेलं कपाट उघडलं, त्यात आणखी एक, त्यात आणखी एक... अहो, लपवायचं कशाला ओ? मेल काय चोरीची हाय? आन् तिथं, अगदी तळाला, एकच फाइल! साठ दिवसांची समदी मेल त्या एका फाइलीत! हौसरावांनी यवढं काढलं-घातलं, पर त्या फाइलीला धक्का न्हाई! तर मेल ऱ्हाती तिथं! त्यानं ती आधी पेनड्राइव्हवर घेतली, मग सीडीवर घेतली, मग गौतमीला म्हणला, ‘एक कॉपी तुझ्याजवळ ठेव.’ तिनं ती सीडी अशी पोटाशी धरली!

पर उघडायची कशात? तर अकौंटच्या मशीनवर तेच सॉफ्टवेअर, जुनं, पर बिल देऊन घेतलेलं. फिरोजनं फाइल तिथं नेली, उघडली, आन् धबाधबा मेल! चलनं, रिजेक्शनची बोंब, कुणाच्या दिवाळीच्या शुभेच्छा... आन् मधीच मोठ्या साहेबांची! शाई भरली, कर्र कर्र करत कागद भाईर आला. बाराला सात मिंटं कमी! गौतमी पळतच गेली. नव्या साहेबांनी दोनदा वाचलं, मूळ मेल डोळ्यांनी बघितली, खाली सही ठोकली आन् म्हणले, ‘अभिनंदन. परमनंट.’

आम्ही जाळीतून टाळ्या वाजवल्या ओ! खरंच वाजवल्या. हौसरावांनी स्वतः पेढे आणले, आन् गौतमीनं पहिला पेढा त्यांच्याच तोंडात कोंबला. मोठ्या मनाची पोरगी.

आन् तीन वाजता नव्या साहेबांनी तिला केबिनीत बोलावलं. ‘आता तुम्ही परमनंट, आता गुपित कामं तुमच्याकडं. ही यादी घ्या, सोमवारपासूनच्या ब्रेकची पत्रं टाइप करा.’ अडतीस नावं! मग करती काय? केली.

यादीतल्या दुसऱ्या नावाचं पत्र घेऊन ती स्वतः पॅकिंगात आली. खाली मान घालून म्हणली, ‘मच्छिंद्रमामा, हितं सही करा.’ मी म्हणलं, दे गं, तू कशाला मान खाली घालतीस?

आज मंगळवार. कामाच्या वारी, भर दुपारी, हितं बसून मी तुम्हाला यवढं सगळं कसं काय सांगतोय, हे तुमच्यातल्या येकानंबी इचारलं न्हाई... असूं द्या. बसा निवांत. अजून सहा दिवस हायेत माझ्याकडं.