दार दिगंबरनं उघडलं नव्हतं

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सुनंदावहिनी, तुम्ही दिगंबरच्या घरच्या, तुम्हाला वेगळा नमस्कार.

शोकसभेत उभं राहिलं की बोलणं जड जातं असं म्हणतात. मला बोलणं जड जात नाही. गणपतीची चवथ गेली, दिवाळी गेली, होळीचा शिगमो आला, तेवढे दिवस गप्प बसवलं गेलं, ते जड गेलं. आज माझ्या हातात माईक दिलात. चूक केलीत.

मी वंदना, आमोण्याची. ह्या संस्थेच्या संगणक विभागात दिगंबर गवसच्या शेजारच्या मेजावर माझी इतकी वर्षं गेली. आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की दिगंबर शांत होता, मनमिळाऊ होता. कोणाबद्दल बोलत होतात हो तुम्ही? दिगंबर फटकळ होता. भांडकुदळ होता. माझा पासवर्ड एकदा ओळखला आणि अख्ख्या स्टाफरूमला सांगितला. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला गोडबोल्या करू नका. तो तसा असता तर आज इथं बसलेला असता.

त्याचं काम काय होतं ते ऐका, कारण ज्यांनी त्याला दोष दिला त्यांना तेही माहीत नव्हतं. आपल्या कॉलेजात, शाळेत, ऑफिसात तुम्ही कुठंही नाव आणि पासवर्ड टाकता, तेव्हा हा माणूस खरंच तोच का, हे ठरवणारा एकच सर्व्हर आहे. तो आमच्या खोलीत, वारा येतो त्या जनेलाशेजारी. त्याच्यावर दिगंबरनं पहारा बसवला होता. साध्या मशीनवर मालक म्हणेल त्याला आत सोडतात. ह्या पहाऱ्यात तसं नाही. इथं प्रत्येक फाईलला, प्रत्येक प्रोग्रॅमला एक लेबल. कोणत्या लेबलनं कशाला हात लावायचा ते नियमात लिहिलेलं. नियमात नसेल तर नाही. मालक आला तरी नाही.

हे नियम लिहिणं म्हणजे डोकेदुखी. अडलेलं सगळं एका फटक्यात सोडून द्यायची सोपी वाट आहे. दिगंबर त्या वाटेनं गेला नाही. एकेक नकार वाचायचा आणि मशीनशीच भांडायचा, ह्याला हे कशाला हवंय म्हणून. मग हवं तेवढंच लिहायचा, वर एक अक्षर नाही.

एकदा मी सर्व्हरच्या किल्ल्यांची फाईल माझ्या फोल्डरातून उचलून तिच्या जागी नेऊन ठेवली. झालं! सगळ्यांचं लॉगिन बंद. फाईल बरोबर, जागा बरोबर, मग बिघडलं काय? दिगंबर हसला. म्हणाला, फाईल उचलून नेली की ती जुनं लेबल बरोबर घेऊन जाते. पहारेकरी जागा बघत नाही, लेबल बघतो. त्यानं एक कमांड दिली, लेबल त्या जागेप्रमाणे झालं, आणि सगळं सुरू झालं.

चहा पिताना मी त्याला चिडवलं, तुला पण ती कमांड मारू का रे? कारण दिगंबर मूळचा हद्दीपलीकडचा, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडचा. इथं गोव्यात इब्रामपुरात घर बांधलं, बागायत केली, मुलगी आपल्याच कॉलेजात शिकते. तरी ह्या संस्थेत त्याचं नाव काय? भायलो. बाहेरचा. तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "माणसाक ती कमांड नाय गे. मी खयसून इलंय ता सगळ्यांका दिसता. मी खय आसंय ता कोणाक दिसणा नाय."

आता चवथीचं सांगते. साहेब, पहिल्या रांगेत बसलात, नीट ऐका.

चेअरमनसाहेबांनी हजेरीचा नवा प्रोग्रॅम आणला. तो आमच्या सर्व्हरवर चढवायचा होता. पहाऱ्यानं त्याला अडवलं, कारण तो नको तिथं हात घालत होता. दिगंबर म्हणाला, चवथ होऊ दे, परत आलो की ह्याच्यापुरता नियम लिहितो. आणि तो गणपतीला गावच्या घरी गेला. तो गेल्यावर साहेब आमच्या खोलीत आले. कंत्राटदाराचा माणूस बरोबर. साहेबांनी मुख्य पासवर्ड त्याला दिला. माझ्यासमोर दिला. मी नको म्हटलं, तर म्हणाले, बाई, तुम्ही तुमचं बघा.

त्या माणसानं पहारा ढिला केला. पूर्ण बंदसुद्धा केला नाही, निर्लज्जानं. अशा तऱ्हेनं ठेवला की पहारेकरी बघतो, कोण आलं ते टिपून घेतो, पण अडवत कोणालाच नाही. आणि तो निघून गेला. हजेरी सुरू झाली, साहेबांनी पेढे वाटले. मग त्याच प्रोग्रॅमच्या भोकातून कोणीतरी आत शिरलं आणि पोरांचे पासवर्ड घेऊन गेलं.

साहेब काय म्हणाले? "भायलो मनीस तो. ताचोच हात आसतलो."

दिगंबरला घरी बसवलं. चौकशी लावली. मी समितीसमोर सांगितलं, पासवर्ड कोणी दिला ते नावानिशी सांगितलं. समितीनं ऐकून घेतलं. अडवलं नाही कोणालाच. अगदी त्या पहारेकऱ्यासारखं! तुमच्यापैकी किती जणांना खरं माहीत होतं? कारापूरच्या नाक्यावर उंडे पाव घेताना मला हळूच सांगत होतात ना, वंदना, अन्याय झाला गो? हळूच का?

दिगंबर घरी बसला. त्याच्या मुलीला वर्गात चोराची म्हणाले. ते तिनं घरी सांगितलं नाही, दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. त्यानंतर तो बागायतीतही जाईना. छातीत कळ आली तेव्हा चौकशी चालूच होती. चालूच आहे. तो मेला तो आरोपी म्हणून मेला.

मला राग येतो. दुःख नंतर करीन, मला वेळ आहे.

साहेब, आज सकाळी तुमचा फोन आला की हजेरी बंद पडली, मागच्या वेळी केलं तसं करा. हजेरी मीच अडवली. दिगंबरनं अर्धवट लिहिलेले नियम मी पुरे केले आणि पहारा पुन्हा सक्तीचा केला. तुमच्या प्रोग्रॅमला त्याचा कोपरा मिळेल, तेवढाच. तुमच्या नावाला सगळीकडे फिरायची सूट होती, ती काढली. त्या मशीनला चेअरमन कळत नाही. मला उद्या घरी बसवा. मलाही भायलीच समजा.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर दोन मिनिटं मौन आहे. मी ते मागणार नाही. मौन ह्या सभागृहानं पुष्कळ पाळलं. साहेब, तुम्ही हार घेऊन आलात. हार ठेवा बाजूला. सुनंदावहिनींकडे बघा, त्या पोरीकडे बघा, आणि एकच वाक्य म्हणा, पासवर्ड मी दिला होता. मग आपण सगळे उभे राहू, दिगंबरला हात जोडू. तोवर मी इथून हलत नाही.

या साहेब, वर या. माईक चालू आहे.