पाटी होती

स्टेशनवरच्या तिकिटाच्या मशीनसमोर माझ्यापुढे एक भाऊ-बहीण उभे होते. मशीनने त्यांचं कार्ड तिसऱ्यांदा परत केलं.

"हेच का रे ते मशीन, दादा?"

"हेच. त्या दिवशीही असंच करत होतं. पाऊण तास इथे झटलो. दोन गाड्या डोळ्यांदेखत गेल्या. हॉस्पिटलात पोचलो, तोवर बाबा गेले होते."

"आणि ते पलीकडचं मशीन?"

"तेही बंद होतं."

"थांब, इथे पाटी आहे. 'मशीन बंद असल्यास गाडीत चढावे, तिकीट गाडीत मिळेल.'"

"हं."

"जुनी दिसते. कडा पिवळ्या पडल्यात."

"जुनीच आहे."

"म्हणजे तेव्हाही होती?"

"होती."

"तुला दिसली नाही?"

"दिसली. वाचलीसुद्धा."

"मग?"

"सहा वर्षं बोललो नव्हतो गं त्यांच्याशी. समोर जाऊन पहिला शब्द काय काढायचा, तेच सुचेना. म्हटलं, ही गाडी जाऊ दे, पुढची येईपर्यंत सुचेल काहीतरी."

"ते वाट बघत होते, दादा. मला सांगून त्यांनी पलंग दाराकडे वळवून घेतला होता."

"माहीत आहे. नर्स म्हणाली मला."

"चल, गाडी आली. तिकीट आत घेऊ."

"आईला यातलं काही सांगू नकोस."

"आई अजून या मशीनलाच शिव्या देते. देऊ दे तिला."