आर्माडिलोचा दम

...आणि वर मलाच विचारतात, "कपड्यांनिशी हौदात कशाला उतरलात?" आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं या प्राणिसंग्रहालयात कासवं सांभाळली. एक दगावलं नाही! निवृत्तीला नऊ दिवस उरले, तर साहेबांनी गळ्यात काय मारलं? आर्माडिलो! म्हणे, "पाठीवर कवच आहे ना, मग तुमच्याच खात्यातला!" अहो, कवच खेकड्यालाही असतं!

डॉक्टरीणबाईंनी कागद दिला, "काका, पाठ करा." केला! हा सोळा-सोळा तास झोपतो... आमचा मेव्हणाही झोपतो, पण हा उठून निदान मुंग्या तरी संपवतो. पिल्लं एका वेळी चार, चारही हुबेहूब! अंगाचा चेंडू म्हणाल, तर तो या नऊ पट्ट्यांच्या जातीला जमत नाही. दचकला की सरळ वर उडतो, कमरेएवढा! आणि पाण्याखाली? सहा मिनिटं दम धरून तळातून चालतो. सगळं पाठ होतं हो! पण...

परवा साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे होते, मी आत डोकावतो तर हा हौदाच्या तळाशी. हलेना, डुलेना! बावीस वर्षांची अब्रू, ती नऊ दिवसांसाठी जाणार? आणि खरं सांगू, जीवही जडला होता या मेल्यावर. बाईंना फोन लावला. त्या थंड! "काका, सहा मिनिटं धरतो तो. घड्याळ बघा."

बघतोय... अर्धं मिनिट... तो खाली, मी काठावर वाकलेला... एक मिनिट... अरे, हल की रे बाबा!... सव्वा... छातीत धडधड, डोळ्यांपुढे काजवे... आणि तेव्हा कळलं, त्याच्याबरोबर मीही श्वास धरून बसलोय! उतरलो नाही हो, पडलो! धप्पकन! तो शांतपणे तळातून चालत काठावर चढला, तेवढ्यात माझं डोकं वर आलं, तो दचकला, उडाला... थेट माझ्या हनुवटीवर! समोर साहेब, पाहुणे, टाळ्या! आता यात माझं काय चुकलं?

बाई धावत आल्या. आधी त्याला तपासलं. "ठणठणीत! काका, तुम्ही किती वेळ धरलात?"

"दीड मिनिट," म्हटलं. खोटं कशाला बोला?

बावीस वर्षांत कासवांच्या एकाही पाटीवर माझा उल्लेख नाही. काल मात्र नवीन पाटी लागली: 'श्वास रोखण्याची क्षमता. आर्माडिलो: सहा मिनिटं. रक्षक: दीड.'