जास्त आलेली पेन्शन

सिस्टर : म्हणून सांगते, या महिन्याची पेन्शन जास्त आलीये. ती कमी करून द्या.

कारकून : बाई, या खिडकीवर पेन्शन कमी आली म्हणून भांडणारे रोज येतात. जास्त आली म्हणून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

सिस्टर : पाणी नाही ते, राग आहे. सरकारी दवाखान्यात नर्स होते मी, उगाच रडायची सवय नाही मला. आमच्या दोघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता दर महिन्याला पेन्शनमधून परस्पर वजा होतो. या खेपेला एकाचाच झालाय. आमच्या यजमानांचा का राहिला ते बघा.

कारकून : थांबा, बघतो. तुमचा झालाय. यजमानांचा नाही. त्यांचं नावच विम्यातून काढलंय.

सिस्टर : कोणी काढलं?

कारकून : तुम्हीच. वार्षिक निवडीच्या अर्जात ‘फक्त स्वतः’ यावर खूण आहे. खाली सही तुमची.

सिस्टर : अर्ज हे भरतात, मी नुसती सही ठोकते. लग्न झाल्यापासून आमच्या घरात कागद यांच्याकडे. अहो, तिकडे पंख्याखाली काय बसलात? पुढे या. ऐकलंत ना?

मास्तर : ऐकलं. कान अजून शाबूत आहेत माझे.

सिस्टर : कान आहेत हो, छातीचं बोला. छातीत यंत्र बसवलंय, त्याची बॅटरी संपत आलीये, वर्षाच्या आत बदला म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. आणि तुम्ही विमा काढून मोकळे?

मास्तर : माझं मी बघीन.

सिस्टर : कशाच्या जोरावर बघाल? शिलाई मशीनसुद्धा विकून झालं.

कारकून : अरेच्चा! तुम्ही बँकेसमोरचे टेलर मास्तर ना? माझ्या लग्नातली पॅंट तुम्हीच शिवलीत. आखूड झाली होती.

मास्तर : आखूड नव्हती. माप घेतल्यावर तुमची उंची वाढली.

कारकून : सव्विसाव्या वर्षी?

मास्तर : काहींची वाढते.

सिस्टर : यांचं हे असंच, साहेब. बाही लांब झाली तर गिऱ्हाईकाचा हात आखूड. जन्मात एक चूक कबूल केली असेल तर शपथ. ते जाऊ द्या. नाव परत घाला.

कारकून : तसं घालता येत नाही. स्वतःहून विमा सोडला, तर दोन वर्षं परत घेता येत नाही.

सिस्टर : दोन वर्षं ती बॅटरी थांबणार आहे का?

कारकून : एकच वाट आहे. खूण चुकीची झाली असेल, तर पहिला हप्ता राहिल्यापासून महिन्याभरात दुरुस्ती होते. पण ज्यानं अर्ज भरला, त्यानं तसं लिहून द्यावं लागतं.

सिस्टर : झालं तर मग. द्या हो लिहून.

मास्तर : नाही.

सिस्टर : काय नाही?

मास्तर : मी चुकून नाही केली खूण. चष्मा लावून, टेबलाशी बसून, नीट विचार करून केली. खोटं लिहून देणार नाही.

सिस्टर : का केलीत?

मास्तर : इथे, चारचौघांत सांगू?

सिस्टर : इथेच. घरी विचारलं की तुम्ही रेडिओ मोठा करता.

मास्तर : दर महिन्याला ती स्लिप येते. वर तुझी कमाई. आणि माझं नाव कुठे? खाली, वजाबाकीत. एवढ्या कागदावर माझं नाव एकदाच, तेही तुझ्यातून काहीतरी कमी करायला. दुकान चालू होतं तोवर नाही लागलं मनाला. आता लागतं. आणि तुझे गुडघे बघतो ना मी. जिना चढताना दर मजल्याला कठडा धरून उभी राहतेस. म्हटलं, ते पैसे वाचले तर तळमजल्यावर भाड्याची खोली घेता येईल. जुन्या मशीनला नवे भाग कशाला?

सिस्टर : मला विचारलंत?

मास्तर : नाही म्हणाली असतीस.

सिस्टर : म्हणजे उत्तर माहीत होतं! आता नीट ऐका. ही पेन्शन माझ्या एकटीची, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी रात्रपाळीला जायची तेव्हा तापानं फणफणलेल्या पोरीच्या उशाशी कोण बसायचं? सकाळी तिला शाळेत सोडून तुम्ही दुकान उघडायचात, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असायचं. मला काय कळत नव्हतं? तुम्ही होतात म्हणून माझी नोकरी टिकली. त्या पेन्शनीत तुमची अर्धी शिलाई आहे.

मास्तर : अगं, हळू. लोक ऐकतायत.

सिस्टर : ऐकू देत. वजाबाकीत नाव येतं म्हणे! मी स्लिप उघडली की आधी तीच ओळ वाचते. ती दिसली की बरं वाटतं, माणूस आहे अजून माझं. या महिन्यात दिसली नाही, तशी तुम्हाला ओढत इथे आले. चार जिने चढीन, दहा चढीन. तळमजल्यावर एकटी राहून काय करू? भिंतींना माप देऊ?

कारकून : बाई, मागे रांग वाढतेय.

सिस्टर : वाढू दे. मी या खिडकीवरून हलणार नाही. विचार करून केलेली चूक, ती चूक नसते का, साहेब?

कारकून : नियमात नुसतं ‘चूक’ म्हटलंय. डोळ्यांची की डोक्याची, ते विचारलेलं नाही. पण कबूल यांनाच करावी लागेल.

(मास्तर चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाला पुसतात, पुन्हा लावतात.)

मास्तर : द्या ते पेन.

कारकून : तुम्ही नुसतं सांगा, मी लिहितो. कारण काय लिहू?

मास्तर : चूक झाली.

सिस्टर : मोठ्यानं. काचेपलीकडे ऐकू जात नाही.

मास्तर : चूक झाली म्हणतोय! माझी!

कारकून : बरं, बरं. सही इथे करा. बाई, तुम्ही इथे. मात्र राहिलेला हप्ता पुढच्या पेन्शनमधून वजा होईल. म्हणजे दोन हप्ते एकदम. चालेल ना?

सिस्टर : चालेल काय, पळेल! पण आता वाचल्याशिवाय सही नाही. अहो, चष्मा द्या तुमचा.

मास्तर : हा घे. सावकाश वाच.

कारकून : वाचा, वाचा. नाव घातलंय यांचं.

मास्तर : साहेब...

कारकून : आता काय, मास्तर?

मास्तर : ती पॅंट. आखूडच होती.