डायलचं कुलूप

खरं बोलल्याचं बक्षीस काय मिळतं, ते मला विचारा. खाजगी फोन होऊ नयेत म्हणून आमच्या डलहौसीच्या ऑफिसात घोषसाहेबांनी डायलला कुलूप लावलं. रिसीव्हरखालची खिट्टी नंबरातल्या प्रत्येक आकड्याइतक्या वेळा दाबली की कुलूप असूनही फोन लागतो. मी त्यांच्यासमोरच लावून दाखवला आणि म्हटलं, "साहेब, हे कुलूप कुचकामी आहे."

शाबासकी राहिली बाजूला, मलाच मेमो. "ही विद्या तुम्हाला कशी येते, याचा लेखी खुलासा करा." कुलूप मात्र तसंच.

महिन्याभरात साहेब किल्ली घरी विसरले. मला बोलावून म्हणतात, "जोशी, ती खिट्टी दाबून घरी फोन लावून द्या."

म्हटलं, "लेखी हुकूम द्या, साहेब. आणि घरचा फोन खाजगी कसा नाही, त्याचाही लेखी खुलासा करा."