मालनताईंचा सरबताचा पेला

मंडळी, ऐका! आज एकच सवाल — दुसऱ्याच्या भल्यासाठी आपण तोंड उघडतो, की बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून? लगेच उत्तर नको! आधी चिपळूणच्या मालनताई खऱ्यांकडे चला.

मालनताईंना मधुमेह. इंजेक्शन घेतात, वेळेवर जेवतात, झकास चाललंय! पण लोकांना चालतंय का? "आमच्या घराण्यात नाही हो कुणाला!" — जणू सरकारनं मेडलच दिलंय! "इंजेक्शन? म्हणजे अगदी शेवटचीच पायरी!" — अगं बाई, तू कधी गेली होतीस पायऱ्या बघायला? मालनताई आपल्या हसून म्हणायच्या, "हो हो." वाईटपणा कोण घेणार!

तर पुतणीच्या बाळाचं बारसं. आतून हाक आली, "पानं वाढतोय, काकू!" मालनताईंनी इन्शुलिन टोचून घेतलं. आणि बाहेर बघतात तो — बाळाची आत्याच आलेली नाही! आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? आणि नाव ठेवल्याशिवाय जेवायचं कसं? आत्याबाई घाटात अडकलेल्या! मांडलेली पानं उचलली.

अंगात इन्शुलिन, पोटात अन्न नाही! साखर लागली की उतरायला! हात थरथरले, दरदरून घाम फुटला. मंडळी, अशा वेळी गोड पोटात गेलं नाही, तर माणूस जागच्या जागी कोसळतो! त्यांनी कोकम सरबताचा पेला उचलला — आणि धाकट्या जाऊबाई विजूनं तो हातातून काढून घेतला!

"अहो ताई, साखर आहे त्यात!"

"अगं... तीच हवीय..."

"मनावर ताबा नको का?" शेजारच्या लेलेकाकूंनी पर्समधून मेथ्यांची पुरचुंडी काढली. "ह्या चावा!" आणि लगेच आपल्या चुलतसासऱ्यांचा पाय कसा कापावा लागला, ते सुरू! अहो, समोर माणूस चाललंय, आणि ह्यांचे सासरे अजून दवाखान्यातच पोचतायत!

जीभ जड झाली हो मालनताईंची. भीती वाटली — मरणाची, खरीखुरी. आता "हो हो" म्हटलं, तर बाळाचं नाव ऐकायलाही आपण उरत नाही! खसकन पेला ओढला आणि ओरडल्या, "सोड विजू! मरतेय मी!" घटाघटा प्यायल्या. निम्मं साडीवर सांडलं.

हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. आणि विजू लेलेकाकूंच्या कानात काय म्हणाली असेल? "बघितलंत? म्हणूनच ह्यांची साखर कमी होत नाही!"

हसताय? हसा! पण मघाशी प्रसादाच्या रांगेत, "तुम्हाला चालते का हो बुंदी?" असं कोण म्हणालं? मी इथून ऐकलंय! त्या माणसाला विचारलंत, काय होतंय म्हणून? नाही! पुढच्या वेळी एवढंच विचारा — "काही देऊ का?" — आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. तेही जमत नसेल, तोंड शिवशिवतच असेल, तर धरा टाळी आणि घ्या देवाचं नाव! दोन्ही हात टाळीत गुंतले, की निदान कुणाचा पेला तरी हिसकावला जाणार नाही!